वाहिनी बंद झाली, हजेरीपट कुठे होता?

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या मराठी अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

रेल्वे आणि टपाल खात्यातल्या कामगारांच्या अभ्यासवर्गात टेलिव्हिजनच्या एका वाहिनीवर बोलण्याचे काय कारण, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. वेतन आयोग, जुनी पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण असे आपले प्रश्न समोर उभे असताना करमणुकीची चर्चा कशाला? आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. टेलिव्हिजन आपण सगळेच पाहतो. खंडव्याच्या रेल्वे क्वार्टरात पाहतात, हुबळीच्या टपाल वसाहतीत पाहतात, भुसावळला आणि दौंडलाही पाहतात. पण पडद्यामागे जो कामगार उभा असतो त्याचा हिशेब आपण कधी विचारत नाही. तो विचारायला बसले की लक्षात येते, आपल्या खात्यांत आज जे चालले आहे त्याचा शेवट कुठे होतो ते या धंद्यात आधीच लिहून ठेवलेले आहे.

आपला आणि टेलिव्हिजनचा संबंध जुना आहे. टपाल खात्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, एके काळी रेडिओचा आणि टीव्हीचा परवाना पोस्टाच्या खिडकीवर मिळत असे. वर्षाचे पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का घ्यायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही परवाना पद्धत रद्द झाली. त्या पद्धतीत कोणी किती भरले, पैसे कोणाकडे गेले, हे कागदावर दिसत होते. पुढे २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला आणि खाजगी उपग्रह वाहिन्यांचे युग आले. पैसे भरायची खिडकी पोस्टातून निघून गल्लीतल्या केबलवाल्याच्या हातात गेली. आपण कोणत्या वाहिनीचे किती पैसे देतो, हे पाहणाऱ्याला कळेनासे झाले. मालक अनेक झाले आणि हिशेब धूसर झाला. हे ध्यानात ठेवून पुढची गोष्ट ऐका.

चार वर्षांची गोष्ट

२१ जानेवारी २००८ रोजी ‘एनडीटीव्ही इमॅजिन’ ही हिंदी मनोरंजन वाहिनी सुरू झाली. बातम्यांसाठी नाव असलेल्या कंपनीने करमणुकीच्या बाजारात पाऊल टाकले होते. प्रमुख म्हणून समीर नायर यांना आणले होते. ‘कौन बनेगा करोडपती’ आले तेव्हा स्टार प्लसची कार्यक्रमांची धुरा त्यांच्याकडे होती. पैसाही मोठा होता. त्याच सुमारास अमेरिकेच्या एनबीसी युनिव्हर्सलने एनडीटीव्हीच्या मनोरंजन व्यवसायाची २६ टक्के भागीदारी १५ कोटी डॉलरना घेतली. आरंभाला वाहिनीने नवे ‘रामायण’ दाखवले. ते सागर कुटुंबाच्याच संस्थेचे होते. रामानंद सागर यांचे मूळ ‘रामायण’ १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर लागत असे तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्या पुण्याईवर नव्या वाहिनीने सुरुवातीला चांगला प्रेक्षक मिळवला.

पण त्या वेळी बाजारात एकटी इमॅजिन नव्हती. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘नाइन एक्स’ आली होती. जुलै २००८ मध्ये ‘कलर्स’ आली आणि ‘बालिका वधू’च्या जोरावर वर्षभरात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. मार्च २००९ मध्ये ‘रिअल’ आली आणि पुढच्याच वर्षी बंदही झाली. सगळ्यांची कढई एकच, जाहिरातदारही तेच आणि संध्याकाळी आठ ते अकराचे तीन तासही तेच.

मग पडद्यावर दिसेल ते करून प्रेक्षक ओढण्याची धाव सुरू झाली. २००९ च्या उन्हाळ्यात ‘राखी का स्वयंवर’ झाले. मागच्या जन्मीच्या आठवणी सांगणारा कार्यक्रम आला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाने ‘राखी का इन्साफ’ रात्री ११ नंतरच दाखवावा असा आदेश दिला. दरम्यान मालकी बदलली होती. जागतिक मंदी आली, एनबीसी बाहेर पडली आणि डिसेंबर २००९ मध्ये टाइम वॉर्नर समूहातल्या टर्नर कंपनीने ९२ टक्के भागीदारीचा सुमारे ११ कोटी ७० लाख डॉलरचा व्यवहार जाहीर केला. वाहिनीच्या नावातून ‘एनडीटीव्ही’ गेले, ‘इमॅजिन’ उरले.

टर्नरनेही दोन वर्षे पाहिले. १२ एप्रिल २०१२ रोजी कंपनीने वाहिनी बंद करत असल्याचे जाहीर केले आणि मे महिन्यात प्रक्षेपण थांबले. ‘चंद्रगुप्त मौर्य’सारखी मालिका गोष्ट पुरी होण्याआधीच थांबली. उद्घाटनापासून समाप्तीपर्यंत सव्वाचार वर्षे. आपल्या गँगमनला कायम व्हायला याहून जास्त वर्षे लागत.

पैसा आला कुठून, गेला कुठे?

इतका पैसा ओतूनही अशी वाहिनी का बुडते? लोकांना कार्यक्रम आवडले नाहीत, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. ते काही अंशी खरेही असेल. पण धंद्याची घडण पाहिली पाहिजे.

पे-चॅनेलच्या धंद्यात उत्पन्नाच्या दोन वाटा असतात. एक जाहिरातींची, दुसरी वर्गणीची. वर्गणी म्हणजे घरोघरचा प्रेक्षक महिन्याला देतो तो पैसा. त्या काळी बहुतेक घरांत जुन्या पद्धतीची केबल होती. केबलवाला आपल्याकडे किती जोडण्या आहेत याचा जो आकडा वर सांगे तो आणि खरा आकडा यांत मोठी तफावत असे. त्यामुळे प्रेक्षक पैसे भरत होता, पण वाहिनीपर्यंत त्यातला थोडाच पोचत होता. उलट जुन्या केबलवर ८०-१०० च्या आसपास वाहिन्यांचीच जागा, आणि परवाने मिळालेल्या वाहिन्या शेकड्यांनी. मग वाहिनीनेच केबल कंपनीला ‘कॅरेज फी’ द्यायची, म्हणजे आम्हाला घरोघरी दाखवा म्हणून भाडे भरायचे. पहिल्या क्रमांकांत, स्वच्छ दिसेल अशी जागा हवी असेल तर भाडे आणखी जास्त. नव्या वाहिनीला हे भाडे टाळता येत नसे. गाडीने प्रवाशाकडून तिकिटाचे पैसे घेण्याऐवजी फलाटावर उभे राहण्याचे पैसे स्वतःच भरावेत, असा हा उलटा व्यवहार होता.

जाहिरातीची वाट तर एका लहानशा यंत्रावर अवलंबून होती. त्या वेळी ‘टॅम’ नावाची संस्था प्रेक्षकसंख्या मोजत असे. साधारण आठ हजार घरांत, तीही मुख्यतः शहरांतल्या, मीटर बसवलेले होते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २४ कोटी ६७ लाख कुटुंबे होती आणि त्यांपैकी ४७.२ टक्के कुटुंबांकडे टीव्ही होता. म्हणजे ११ कोटींहून जास्त घरांचा निवाडा आठ हजार घरांवरून. खेडेगावात टपाल वाटणारा आमचा ग्रामीण डाक सेवक ज्या घरी जातो ते घर या हिशेबात जवळजवळ नव्हतेच. दर आठवड्याला आकडा येई. आकडा पडला की जाहिरातीचा दर पडे, आणि दर पडला की मालिका कापली जाई. या मोजणीबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या. जुलै २०१२ मध्ये एनडीटीव्हीने मोजणीत फेरफार होत असल्याचा आरोप करून टॅमच्या भागीदार कंपनीवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. तो तिथे टिकला नाही. पुढे २०१५ पासून ‘बार्क’ची नवी मोजणी सुरू झाली.

आणखी एक गोष्ट पाहा. डिसेंबर २०११ मध्ये संसदेने केबलच्या डिजिटलीकरणाचा कायदा मंजूर केला. चार महानगरांसाठी पहिली मुदत ३० जून २०१२ होती, ती पुढे ३१ ऑक्टोबर झाली. डिजिटल केबलमध्ये जागेची टंचाई कमी होणार आणि खऱ्या जोडण्या मोजता येणार, हे सर्वांना माहीत होते. तरीही मालकाने सहा महिने थांबायचे ठरवले नाही. भांडवलाच्या दृष्टीने ते योग्यही असेल. गुंतवणूकदार आपला तोटा वहीत लिहितो आणि दुसरीकडे पैसा लावतो. त्याला ती सोय आहे. प्रश्न एवढाच की ज्याची रोजी त्या वहीवर चालली होती त्याला कोणती सोय होती?

सेटवर कोण कोणाचा?

वाहिनी म्हणजे काय? वाहिनीच्या कार्यालयात बसणारे पगारी लोक त्या मानाने थोडे असतात. मालिका वाहिनी स्वतः तयार करत नाही. ती निर्मात्या कंपनीला काम देते, प्रत्येक भागामागे ठराविक रक्कम देते आणि तयार मालाचे हक्क स्वतःकडे ठेवते. निर्माता स्टुडिओ भाड्याने घेतो, कॅमेरा आणि दिवे पुरवणाऱ्याकडून सामान घेतो, सेट उभारायचे काम दुसऱ्याला देतो. त्या प्रत्येकाच्या हाताखाली माणसे असतात. लाइटमन, स्पॉटबॉय, सुतार, रंगारी, सेटिंगवाले, मेकअप दादा, ड्रेस दादा, हेअर ड्रेसर, गर्दीत उभे राहणारे ज्युनियर आर्टिस्ट, जनरेटरवाला, गाडीवाला, जेवण वाढणारा. गोरेगावच्या चित्रनगरीत आणि मीरा रोड-नायगावच्या बाजूच्या स्टुडिओंत ही माणसे रोज जातात. त्यांत कोकणातली, घाटावरची मराठी माणसे आहेत, तशी उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचीही आहेत. आपल्याच लोकलने ती पहाटे जातात आणि रात्रीच्या शेवटच्या गाडीने परत येतात.

यांची पाळी १२ तासांची. आठ तासांच्या दिवसासाठी जगातल्या कामगारांनी रक्त सांडले, त्याला शतक उलटून गेले. पण रोजच्या रोज भाग दाखवायचा असल्यामुळे १२ तासांची पाळी या धंद्यात नेहमीची होऊन बसली, आणि तीही वाढत जाते. कलाकार आणि तंत्रज्ञांचे पैसे ९० दिवसांनी मिळण्याचा रिवाज आहे. एप्रिलमध्ये केलेल्या कामाचे पैसे जुलैत. आता विचार करा, अशा रिवाजात वाहिनी एका महिन्याच्या सूचनेने बंद झाली तर बंद होण्याच्या दिवशी तीन महिन्यांचे काम उधारीवर उभे असते.

इमॅजिनने अमक्याचे इतके बुडवले, असा आरोप आम्ही इथे करत नाही. आमचा मुद्दा एका कंपनीच्या वागण्याचा नाही, रचनेचा आहे. समजा एखादा लाइटमन आपले पैसे मागायला निघाला. सामान पुरवणारा त्याला सांगेल, निर्मात्याकडून आले की देतो. निर्माता सांगेल, वाहिनीने बिल पास केले की देतो. वाहिनी सांगेल, आमचा करार निर्मात्याशी आहे, तुम्हाला आम्ही ओळखत नाही. प्रत्येक जण कागद दाखवील आणि कागद खरा असेल. साखळीतल्या एकाही कागदावर त्या लाइटमनचे नाव नसते, हीच या रचनेची खुबी आहे.

२००८ चा संप

हे कामगार गप्प बसले होते असे समजू नका. इमॅजिन सुरू झाली त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईजच्या हाकेवर चित्रपट आणि टेलिव्हिजनचे काम तीन दिवस थांबले. ही १९५६ मध्ये स्थापन झालेली, वेगवेगळ्या कलाकुसरींच्या संघटनांची मिळून झालेली संघटना आहे. पैसे वेळेवर द्या आणि कामाचे तास आवरा, या प्रमुख मागण्या होत्या. बडे कलाकारही त्या वेळी कामावर गेले नाहीत. पुढे नोव्हेंबरमध्ये निर्माते आणि कामगार यांच्यातला मजुरीचा तिढा इतका ताणला की मालिकांचे चित्रीकरणच बंद पडले. १० नोव्हेंबरपासून वाहिन्यांना जुने भाग पुन्हा दाखवावे लागले.

या काळात एक गोष्ट सिद्ध झाली. ज्यांची नावे कोणाच्या पटावर नव्हती, त्यांनी हात थांबवले तेव्हा करोडोंच्या वाहिन्यांकडे दाखवायला नवे काही उरले नाही. आपल्याला याचे नवल वाटू नये. मे १९७४ मध्ये आपण गाड्या थांबवल्या तेव्हा देशाला रेल्वे कामगार दिसला होता.

पण संपातून दरवाढीची बोलणी झाली, तडजोड झाली, आणि मालक कोण हा प्रश्न तसाच राहिला. तो राहिला म्हणून चार वर्षांनी वाहिनी बंद झाली तेव्हा तिच्या दारावर जाऊन हक्काने बसणारा कामगार नव्हता.

दोन बंद, दोन न्याय

आता आपल्या घरातले उदाहरण घेऊ. इमॅजिन बंद झाल्यावर चौदा महिन्यांनी, १४ जुलै २०१३ च्या रात्री, देशातली शेवटची तार स्वीकारली गेली. १६० वर्षांच्या आसपासची सेवा संपली. १९८५ पर्यंत टपाल आणि तार हे एकच खाते होते, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांच्या घरात तारमास्तर होऊन गेले असतील. त्या रात्री तारघरांसमोर रांगा लागल्या, आठवण म्हणून लोकांनी तारा केल्या. सेवा बंद झाली, पण तार विभागातल्या कर्मचाऱ्याला भारत संचार निगमातच दुसऱ्या कामावर घेतले गेले. रेल्वेत वाफेची इंजिने गेली तेव्हाही तसेच. फायरमनचे काम संपले, फायरमन संपला नाही. त्याला डिझेल आणि विजेच्या इंजिनांवर किंवा दुसऱ्या शेडमध्ये जागा मिळाली.

दोन्हीकडे काम संपले होते. मग फरक कशाने पडला? सरकार दयाळू होते म्हणून? मुळीच नाही. फरक हजेरीपटाने पडला. तारमास्तराचे नाव, सेवापुस्तक, नेमणुकीचा आदेश, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि त्याच्या मागे मान्यताप्राप्त संघटना, एवढे सगळे कागदावर होते. त्याला घरी पाठवायचे तर कोणाला तरी सही करावी लागली असती. वाहिनीच्या सेटवरच्या सुताराला घरी पाठवायला कोणाची सही लागत नाही. त्याला दुसऱ्या दिवशी बोलावले नाही की झाले.

हजेरीपट म्हणजे कवचकुंडले आहेत असेही नाही. त्याच भारत संचार निगमात जानेवारी २०२० च्या अखेरीस ७८ हजारांहून जास्त कर्मचारी एकाच वेळी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले. ती स्वेच्छा किती खरी होती यावर वेगळे बोलू. पण तेही हिशेब घेऊन, पेन्शन घेऊन बाहेर पडले. पट असला की निदान भांडणाला जागा राहते.

आणि हा पट आपल्याला कोणी आंदण दिलेला नाही. एक्स्ट्रा डिपार्टमेंटल कर्मचारी हा खात्याचा माणूसच नाही, असे सांगितले जात होते. १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की त्याचे पद हे नागरी पद आहे, त्याला वाटेल तसे काढता येणार नाही. रेल्वेच्या प्रकल्पांवर वर्षानुवर्षे राबणाऱ्या हंगामी कामगारांना काम संपले की घरी पाठवत. हंगामींना कायम करा ही १९७४ च्या संपाची मागणी होती, आणि १९८५ च्या इंद्रपाल यादव खटल्यानंतर त्यांना टप्प्याटप्प्याने सेवेत सामावून घेण्याची योजना रेल्वेला राबवावी लागली. ‘माझा मालक कोण’ या एका प्रश्नाचे उत्तर मिळवायला आपल्या आधीच्या पिढ्यांना इतकी वर्षे लागली. ग्रामीण डाक सेवकांची लढाई तर अजून चालूच आहे. २०१८ च्या मे-जूनमधला त्यांचा १६ दिवसांचा संप आठवा.

कायद्याची बाजू

सिने-कामगारांसाठी १९८१ चा कायदा होता. लेखी करार केल्याशिवाय सिने-कामगाराला कामावर घेता येणार नाही, असे तो म्हणत होता. पण तो पूर्ण लांबीच्या कथाचित्रपटापुरता होता. १९८१ मध्ये रोजच्या मालिका कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. टेलिव्हिजन वाढत गेला आणि कायदा चित्रपटापाशीच थांबला. तीस-चाळीस वर्षे मालिकेचा कामगार या फटीत उभा होता.

कारखाना बंद करायचा तर औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे १०० किंवा जास्त कामगार असल्यास सरकारची आधी परवानगी लागत असे. पण ती अट कारखाने, खाणी आणि मळे यांना होती. वाहिनी यांपैकी काहीच नाही. ५० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, पण ज्यांची नावे पटावर आहेत तेवढेच त्यात मोजले जातात. कामगार शंभर ठिकाणी विभागून ठेवले की आकडा कुठेच भरत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांच्याविषयी कामगार चळवळीची भूमिका सर्वांना ठाऊक आहे. बंदीच्या परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली, हा सरळसरळ मागे जाण्याचा प्रकार आहे. तरी जे हातात आले आहे ते वापरायला शिकले पाहिजे. सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत ‘दृकश्राव्य कामगार’ ही नवी व्याख्या आली आहे. मालिकेचा कामगार आता त्या व्याख्येत बसतो आणि लेखी कराराची अट त्यालाही लागू होते. वेतन संहिता म्हणते की आस्थापना बंद झाल्याने काम गेले तर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते केले पाहिजे. ९० दिवसांच्या रिवाजासमोर हे दोन दिवस ठेवून पाहा. कागद आला आहे. तो सेटवर पोचवायचे काम निरीक्षक आपणहून करील, या भ्रमात कोणी राहू नये.

मेलेल्या वाहिनीची कमाई

एक शेवटचा मुद्दा. वाहिनी बंद झाली, पण तिचा माल मेला नाही. इमॅजिनच्या अनेक मालिका पुढे ‘दंगल’सारख्या वाहिन्यांवर पुन्हा दिसल्या आणि चांगल्या चालल्या. ज्या मालिकांच्या आकड्यांवरून वाहिनी तोट्यात काढली, त्याच मालिका नंतर दुसऱ्याचे दुकान चालवत होत्या. मे २०१२ मध्ये, म्हणजे इमॅजिन बंद झाली त्याच महिन्यात, संसदेने कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली आणि लेखक, गीतकार, संगीतकार यांचा मानधनातला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद केली. ते योग्यच झाले. पण ज्याने तो दरबार उभारला त्या सुताराला आणि ज्याने त्यावर उजेड पाडला त्या लाइटमनला पुनःप्रक्षेपणाचा एक पैसाही मिळत नाही. त्याची मजुरी त्या दिवशीच संपली, आणि कधीकधी तीही मिळायची राहिली.

आपण काय करायचे?

बंधू-भगिनींनो, सेटवरची ही साखळी आता आपल्या फलाटावर आलेली आहे. गाडीतली चादर देणारा, डबा धुणारा, स्थानक झाडणारा, पार्सल चढवणारा कोणाचा माणूस आहे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? त्याच्या अंगावरच्या शर्टावर एका कंपनीचे नाव, ओळखपत्रावर दुसऱ्या, आणि पगार तिसऱ्याच माणसाच्या हातून. कंत्राट संपते त्या दिवशी त्याची वाहिनी बंद होते. त्याला आधी सूचना नाही आणि त्याच्यासाठी रांगाही लागत नाहीत.

म्हणून प्रत्येक शाखेने तीन कामे हाती घ्यावीत, असे आम्ही सुचवतो.

पहिले, आपल्या स्थानकात, शेडमध्ये, आरएमएसमध्ये, टपाल कार्यालयात कंत्राटावर किती माणसे आहेत, कंत्राटदार कोण आणि शेवटचा पगार कधी झाला, याची वही शाखेने ठेवावी. सरकार पट ठेवत नसेल तर संघटनेने ठेवावा.

दुसरे, कंत्राटदाराने वेतन बुडवले तर मूळ मालक ते देण्यास बांधील असतो. हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. कंत्राट बदलताना आधीच्या कामगारांची देणी चुकती झाल्याशिवाय कंत्राटदाराची अनामत सोडू नये, ही मागणी प्रत्येक विभागीय बैठकीत लेखी मांडावी.

तिसरे, या कामगारांना आपल्या सभेला बोलवा. ते आपले सभासद होऊ शकतात की नाही, हा नियमांचा प्रश्न आपण बसून सोडवू. पण कायम कामगाराने आपला पट सांभाळत बसायचे आणि शेजारी बिनपटाचा कामगार वाढत जाताना पाहायचे, यात आपलेही भले नाही. उद्या आपली जागा रिकामी होईल तेव्हा ती त्याच्याच पद्धतीने भरली जाणार आहे. आजच भरली जात आहे.

मुंबई, ठाणे, वसई या भागांतल्या शाखांना एक जादा विनंती. मालिकांचे कामगार तुमच्याच गाड्यांतून जातात, तुमच्याच चाळीत राहतात. त्यांच्या संघटनांशी ओळख करून घ्या. लेखी कराराचा नमुना, वेतनाच्या दोन दिवसांची तरतूद, तक्रारीचा अर्ज हे मराठीत आणि हिंदीत छापून त्यांच्या हाती द्या. अर्ज कसा लिहावा आणि पोचपावती कशी घ्यावी, हे टपाल कामगारापेक्षा चांगले कोण शिकवणार?

वाहिन्या उघडतील, बंद होतील. आता तर मोबाइलवरच्या करमणुकीचे दिवस आहेत, तिथेही उघडझाक चालूच राहील. धंदा कायम चालावा अशी हमी आपण कोणाकडे मागू शकत नाही. पण काम करणाऱ्याचे नाव कुठेतरी लिहिलेले असावे, आणि धंदा बंद करणाऱ्याने आधी त्या नावापुढची रक्कम चुकती करावी, एवढे मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ते मागू या, आणि ज्यांना मागता येत नाही त्यांच्यासोबत उभे राहून मागू या.

एवढे बोलून आम्ही थांबतो. कामगार एकजुटीचा विजय असो!